सोनेरी घोडेस्वाराला वळसा घाला

पत्र

नमस्कार. मी गोव्यातल्या साखळीचा, वय ३१. कुंडई इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये शिफ्टची नोकरी करतो. शाळेत असताना म्हापशाच्या सायबर कॅफेत जीटीए व्हाइस सिटी हा गेम खेळायचो, मग नोकरी, लग्न, सगळं सुटलं. आता एका मित्राकडून जुना पीएस फोर, म्हणजे टीव्हीला जोडायचा प्लेस्टेशन, घेतलाय. सोबत चार डिस्क आल्या: एल्डन रिंग, अनचार्टेडचा लॉस्ट लेगसी, फिफा २२ आणि जीटीए ५. ग्रुपवर सगळे म्हणतात, एल्डन रिंगसारखा गेम झाला नाही नि होणार नाही. मला तर सुरुवातीलाच तो सोन्याच्या चिलखतातला घोडेस्वार पुढे जाऊ देत नाही. "पाळी करून येता ते काय मरायला बसता?" असं बायको विचारते. बाकीचेही तीन अर्धवट पडलेत. ग्रुपवर माझं नाव 'नूब', म्हणजे नवखा, पडलंय. पुढे खेळू की डिस्क विकून टाकू? माझ्यासारख्याने खेळावं तरी काय? आणखी एक: बहिणीचा मुलगा सातवीत आहे, फोनवर बीजीएमआय हा बंदुकांचा गेम खेळतो आणि यूसी, म्हणजे त्यातलं चलन, घ्यायला माझ्याकडे पैसे मागतो. देऊ का?
ता. क. जीटीए ६ साठी पीएस फाइव्ह आत्ताच घेऊन ठेवावा का?
— साखळीचा नूब

उत्तर

साखळीकर बाब,

आधी त्या घोडेस्वाराचं बघू, कारण तुमची गाडी तिथेच रुतलीय. त्याचं नाव ट्री सेंटिनेल. गुहेतून वर येऊन तुम्ही लिमग्रेव्हचं ते हिरवं मैदान बघत उभे राहता आणि समोर हा भाला घेऊन रपेट मारत असतो. त्याला तिथे ठेवलाय तोच मुळी तुम्ही पळून जावं म्हणून. व्हाइस सिटीत समोर आला त्याला उडवायची सवय लागलेली असते. ती मोडायला बनवणाऱ्यांनी हा पहारेकरी दारातच उभा केलाय. झाडी धरून, लांबून वळसा घ्या आणि पलीकडच्या पडक्या चर्चपर्यंत पोहोचा. तिथे एक व्यापारी बसलेला असतो. जमिनीतून सोनेरी उजेड येतो त्या जागांवर थांबत थांबत पुढे गेलात की मेलिना भेटते आणि घोडा देते. घोडा मिळाल्यावर रात्रीच्या वेळी परत त्या चर्चपाशी या. एक बाई घंटा देईल. ती वाजवली की तीन लांडगे तुमच्या बाजूने लढतात. ग्रुपवरचे शूरवीर हे सांगत नाहीत, पण निम्म्याहून जास्त जण असल्याच मदतीवर पुढे सरकलेले असतात.

यानंतरची चूक सगळे करतात. सोनेरी प्रकाशाची रेघ उत्तरेच्या किल्ल्याकडे बोट दाखवते आणि माणूस तिकडे धावतो. तिथे मार्गिट नावाचा दुसरा देवचार वाट अडवून बसलाय. तुम्ही दक्षिणेला वीपिंग पेनिन्सुलात उतरा, तिथे हातपाय मोकळे करा, रून्स (शत्रू मारून मिळणारं गेममधलं चलन) जमवा, ते खर्चून लेव्हल वाढवा, मग वर या. मेलात तर रून्स त्याच जागी पडून राहतात, जाऊन उचलता येतात. उचलण्याआधी पुन्हा मेलात तर गेले. म्हणून खिसा भरलेला असताना नवी गुहा धुंडाळायला जायचं नाही, आधी खर्च करून टाकायचे.

आता माझं मत. फ्रॉमसॉफ्टवेअरने २०२२ मध्ये काढलेला हा गेम मी खेळलेल्यांत वरच्या दोनचारांत बसतो. नकाशावर खुणांची जत्रा नाही, तुमचा तुम्हाला टेकडीमागचा बुरूज दिसतो आणि तुम्ही जाता. एवढा विश्वास खेळणाऱ्यावर फार थोडे टाकतात. पण त्यात सोपं-अवघड निवडायची सोय नाही. आणि तुमच्या घरासाठी याहून महत्त्वाचं म्हणजे पॉज नाही. पाववाल्या पोदेराच्या सायकलचा भोंपू वाजला, उंडे घ्यायला म्हणून उठलात, परत येईस्तोवर कोणीतरी तुमचा निकाल लावून गेलेला असतो. सलग दोन तास ज्याला मिळतात त्याचा हा गेम. तुमच्या शिफ्टच्या आठवड्यात तो बसत नसेल तर डिस्क विकू नका, कपाटात ठेवा. सलग सुट्टी आली की काढा. ग्रुपला काय वाटायचं ते वाटू दे. त्यातल्या किती जणांनी तो शेवटपर्यंत नेलाय ते एकदा विचारा आणि गप्प बसून गंमत बघा.

तुम्ही यादी मागितलीय, पण मी गेम निवडताना दोन प्रश्न आधी विचारतो: मधेच उठता येतं का, आणि लायट गेली तर काय जातं? पावसाळ्यात हा दुसरा प्रश्न चेष्टेचा नाही हे साखळीच्या माणसाला सांगायला नको. गंमत म्हणजे एल्डन रिंग इथे पास होतो. तो सारखा आपला आपण सेव्ह करत असतो, लायट गेली तरी फारसं बुडत नाही. उलट जो गेम सगळे 'निवांत' म्हणून सांगतात तो स्टारड्यू व्हॅली इथे मार खातो.

तरी पहिला पैसा खर्च करायचाच असेल तर तो स्टारड्यूवरच करा. एरिक बॅरोन नावाच्या एकट्या माणसाने चारेक वर्षं खपून तो २०१६ मध्ये बाहेर काढला. चित्रं त्याची, संगीत त्याचं, कोड त्याचा. आजोबांचं ओसाड पडलेलं शेत तुमच्याकडे येतं. तुम्ही झुडपं तोडायची, पार्सनिप पेरायचे, पाणी घालायचं, गावकऱ्यांशी ओळखी वाढवायच्या. गावात जोजा नावाची कंपनी सगळं गिळायला बसलेली असते. ते तुम्हाला ओळखीचं वाटेल, जास्त बोलत नाही. एक दिवस सकाळी सहाला सुरू होतो, रात्री दोनला संपतो, आणि घड्याळात मोजला तर साधारण १४ मिनिटं लागतात. अंथरुणात शिरलात की सेव्ह. म्हणजे लायट गेली तर जास्तीत जास्त त्या दिवसाची मेहनत पाण्यात. चौदा मिनिटांचा दिवस असल्यामुळे 'एक दिवस खेळतो नि झोपतो' असं म्हणता येतं. तसं होत नाही हा भाग वेगळा. दुपारपाळीहून आल्यावर मी तुम्हाला तीन दिवसांची मर्यादा घालून देतो, पुढचं तुमचं तुम्ही बघा.

त्यातलं मासे पकडणं मात्र सुरुवातीला वैताग आणतं. उभी पट्टी, त्यात हिरवा तुकडा, आणि वरखाली पळणारा मासा. बटण दाबलं की तुकडा वर, सोडलं की खाली, मासा तुकड्याच्या आत धरून ठेवायचा. सगळे बटण दाबून धरतात आणि तुकडा वर जाऊन आपटतो. टिचक्या मारल्यासारखं थोडं थोडं दाबा. पहिल्या दिवसांत समुद्रावर नाही जमलं तरी घाबरू नका, मासेमारीची लेव्हल वाढली की तुकडाही मोठा होतो.

माशांचा विषय निघालाच आहे तर डेव्ह द डायव्हर. २०२३ चा कोरियन गेम, पीएस फोरवरही आहे. दिवसा जाड्या डेव्ह भाला घेऊन समुद्रातल्या ब्लू होल नावाच्या खोल विवरात बुडी मारतो, संध्याकाळी त्याच माशांचं सुशीचं हॉटेल चालवतो. ऑक्सिजन हाच तुमचा जीव: शार्कने चावा घेतला की ऑक्सिजन कमी, जास्त वेळ रेंगाळलात तरी ऑक्सिजन कमी. हाव सुटली की सगळं गमावता. हॉटेलात गिऱ्हाइकाचा चहा बरोबर रेघेपर्यंत ओतायचा असतो, त्यात मला शार्क मारण्याहून जास्त घाम फुटतो. निम्म्यानंतर गेममध्ये इतक्या भानगडी घुसवल्यात की मूळ मजा पातळ होते, हे माझं प्रामाणिक मत. पण १ जून ते ३१ जुलै आपली मासेमारी बंद असताना ताटात सुके बांगडे आणि पडद्यावर ताजा ट्यूना, हा योग सोडू नये.

आता तुमच्याकडच्या बाकीच्या डिस्क.

लॉस्ट लेगसी आजच चढवा. चारांत तुमच्यासाठी सगळ्यात सोयीचा तोच आहे. सातआठ तासांत संपतो, हवा तिथे पॉज होतो, आणि घडतो चक्क आपल्या पश्चिम घाटात. २०१७ चा गेम. क्लोई आणि नडीन या दोघीजणी होयसळांच्या पडक्या नगरांतून गणपतीचा सुळा शोधत फिरतात. दोन बायका, त्यातल्या एकीचं दुसरीशी पटत नाही, आणि जीप. एवढ्यावर बनवणाऱ्यांनी अख्खा गेम तोलून धरलाय. होयसळांची खरी राजधानी हळेबीडू घाटाच्या पलीकडे पठारावर आहे, यांनी देवळं उचलून धबधब्यांच्या मधोमध ठेवलीत, ते सोडून द्या. सत्तरी तालुक्याच्या रानात ज्याने पावसात पाय टाकलाय त्याला पहिली शंका येते ती जळवांची. इतकं ओलं रान, इतकी मोकळी पावलं, आणि एकही जळू नाही! पण लाल माती, शेवाळलेली पायरी, झाडीतून अचानक उघडणारी दरी, हे त्यांनी डोळ्यात तेल घालून केलंय. एके ठिकाणी ढिगाऱ्यात अडकलेला हत्ती सोडवावा लागतो आणि मग त्याच्या पाठीवर बसून पुढे जायचं असतं. गोळीबार थांबतो, दोघी पहिल्यांदा धड बोलतात. तो भाग आला की बायकोला बोलवा. 'मरायला बसता' हे वाक्य पुन्हा ऐकू येणार नाही.

जीटीए ५ बद्दल थोडक्यात. व्हाइस सिटीत 'पँझर' टाइप केल्यावर आकाशातून रणगाडा पडायचा त्याचा आनंद आता कशालाच येणार नाही, तो वयाचा होता. पाचवा भाग विनोदी आहे, मायकल-फ्रँकलिन-ट्रेव्हर हे त्रिकूट भारी आहे, आणि दरोड्यांची मिशनं आजही पहिल्या प्रतीची. मधला गाड्या पळवण्याचा भाग मला आता रिकामा वाटतो. ट्रेव्हरच्या हातून एका माणसाचे हाल करवून घेणारं मिशन आहे, ते चालू असताना भाचा आसपास नको. ऑनलाइनच्या वाटेला जाऊ नका, तिथे खऱ्या पैशाने खोटे डॉलर विकत घेतात.

बायकोला खेळात ओढायचं असेल तर इट टेक्स टू. एकट्याने खेळताच येत नाही असा गेम आहे, दुसरा कंट्रोलर मात्र लागेल. एकाला खिळे मिळतात, दुसरीला हातोडा. एकाने खिळा मारायचा, दुसरीने त्याला लटकून पलीकडे जायचं. २०२१ च्या गेम अवॉर्ड्समध्ये वर्षातला सर्वोत्तम गेम तोच ठरला. गोष्ट घटस्फोट घ्यायला निघालेल्या नवराबायकोची आहे हे आधी सांगून ठेवतो, नाहीतर मला दुसरं पत्र यायचं. त्यात हकीम नावाचं एक बडबडं पुस्तक येऊन संसारावर प्रवचन देतं, ते दोघांनाही नकोसं होईल, आणि निदान एका गोष्टीवर तुमचं एकमत होईल. तेही नको असेल तर स्टारड्यू एकाच टीव्हीवर पडदा विभागून दोघांना खेळता येतो.

बसमधून कुंडईला जाताना फोन काढत असाल तर त्यात पेपर्स, प्लीज घाला. लुकास पोपने २०१३ मध्ये केलेला. आर्स्टोट्झ्का नावाच्या काल्पनिक देशाच्या नाक्यावर तुम्ही पासपोर्ट तपासणारे कारकून. तारीख जुळते का, फोटो जुळतो का, शिक्का खरा का. प्रत्येक बरोबर तपासलेल्या माणसामागे मजुरी, चुकीला आधी ताकीद, मग दंड. दिवसाच्या शेवटी भाडं, जेवण, शेगडी आणि पोराचं औषध यांतलं काय परवडतं ते ठरवायचं. नवऱ्याचे कागद ठीक असतात, मागून येणाऱ्या बायकोचे नसतात, आणि ती रडत उभी राहते. पोर्तुगीज पासपोर्टच्या कागदांसाठी ज्याच्या घरातलं कोणी धावपळ करून आलंय अशा गोंयकाराला हा खेळ परका वाटणार नाही.

पुण्याच्या नॉडिंग हेड्सचा राजी हाही कोणीतरी तुम्हाला 'आपला गेम' म्हणून सुचवेल. २०२० चा. राजस्थानी महाल आणि सावल्यांच्या बाहुल्यांतून सांगितलेल्या कथा डोळ्यांचं पारणं फेडतात. मारामारी थोड्या वेळाने तीच ती वाटते आणि शेवट अर्ध्यात तुटल्यासारखा येतो. सेलमध्ये घ्या, पूर्ण किमतीला नको. हॉलो नाइट हा गेमही सुचवतील, तो सध्या नको. सुंदर आहे, पण मरून परत तिथवर चालत जायचं दुखणं तिथेही आहे. घोडेस्वाराचा राग उतरू दे.

राहिला भाचा. यूसीला पैसे देऊ नका. गेम वाईट आहे म्हणून नव्हे. बीजीएमआय हा नेम, नकाशा आणि चौघांचा मेळ यांचा उत्तम खेळ आहे. यूसीने बंदूक चांगली चालत नाही, कपडे नि बंदुकीचं वरचं रूप बदलतं, आणि त्यातलं बरंचसं पेट्यांतून मिळतं. पेटीत काय निघेल ते नशीब. ऑगस्ट २०२५ मध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर केंद्राने कायद्याने बंदी आणली, पण बीजीएमआय त्यात येत नाही, त्यामुळे सरकार तुमच्या वतीने 'नाही' म्हणणार नाही. गेन्शिन इम्पॅक्टसारख्या गेममध्ये तर छापूनच दिलंय की ९० सोडतींत एक पंचतारांकित बक्षीस नक्की, आणि ते तुम्हाला हवं असलेलंच निघेल याची खात्री तेव्हाही नाही. मांडवीतल्या कॅसिनोत गोंयकाराला १ फेब्रुवारी २०२० पासून पाय ठेवता येत नाही. सातवीतल्या पोराच्या खिशात मात्र तेच चक्र फिरतंय.

त्याला तसं सरळ सांगा. बीजीएमआय मे २०२३ मध्ये परत आला तेव्हा अठराखालच्यांना दिवसाला तीन तासांची मर्यादा घातली होती. तो कोणाच्या नावाच्या अकाउंटवर खेळतो हे बहिणीला बघायला लावा, बहुधा तिच्याच असेल. फोनवर खरेदीला पासवर्ड टाकायला सांगा. आणि शनिवारी त्याला तुमच्याकडे बोलवा, फिफा २२ काढा. त्यात इंडियन सुपर लीग आहे, म्हणजे एफसी गोवा घेऊन खेळता येतं. त्याहून मजा म्हणजे करिअरमध्ये स्वतःचा क्लब काढायची सोय: नाव, जर्सी, बिल्ला सगळं आपलं, आणि एखाद्या लीगमधला एक संघ काढून तिथे आपला बसवायचा. साखळीचा क्लब काढा, बिल्ला भाच्याला निवडू द्या. अल्टिमेट टीम नावाच्या दारात तेवढं जाऊ नका, तिथे पुन्हा पैसे देऊन खेळाडूंची पाकिटं फोडायचाच धंदा असायचा.

आणि ता. क. चं उत्तर: नको. जीटीए ६ पीएस फोरवर येणार नाही हे खरं, पण आधी २०२५ म्हणाले, मग २६ मे २०२६, मग १९ नोव्हेंबर २०२६. गेम दुकानात आल्याशिवाय यंत्र घेऊ नका, कपाटात पडून त्याची वॉरंटी तेवढी संपेल. चवथीला बोनस मिळाला तर दुसरा कंट्रोलर घ्या.